उलटा बूट

मला एका जागी स्वस्थ उभं राहता येत नाही. रांगेत असलो तरी पाय चालूच. पुण्याला आई जेवताना माझ्या मांडीवर चापट मारायची, "पाय हलवू नकोस, पुष्कर!" वेल्समध्ये कार्डिफला हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झालो, तर माझ्या पायानं स्टूल करकरायचं आणि सर्जन मास्कच्या वरून डोळे वटारायचा. स्वभावाला औषध नाही म्हणतात, आणि डॉक्टर असूनही मला ते सापडलेलं नाही.

माझ्या बायकोला मात्र या पायाचं भारी कौतुक होतं. वरदा एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होती, आणि तिची कंपनी एक काड्यापेटीएवढी पेटी बनवत होती. ही पेटी बुटाच्या टाचेवर बसवायची. मग माणूस जिथे उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही अशा जागी गेला, म्हणजे धुरानं भरलेल्या इमारतीत किंवा तळघरात, तरी तो कुठून कुठे गेला हे बाहेरच्याला स्क्रीनवर रेघ उमटून दिसणार. आग विझवणाऱ्यांसाठी होतं ते. २००७ साल होतं. सगळ्यांच्या गाड्यांत नुकतं रस्ता सांगणारं सॅटनाव आलं होतं आणि त्यातली बाई 'टर्न लेफ्ट' म्हणाली की लोक डोळे मिटून वळत होते. तेव्हा वरदा नेमका उलटा विचार करत होती, की ती बाई गप्प झाली तर काय?

"पेटीला बाहेरचं काही कळत नाही," तिनं मला समजावलं होतं. "पाय किती जोरात उचलला, कुठे वळला, एवढंच ती मोजते. त्यात थोडी चूक होतेच, आणि ती साठत जाते. पण प्रत्येक पावलाला तुझा पाय जमिनीवर टेकतो ना, तेव्हा तो क्षणभर अगदी थांबतो. तेवढ्यात पेटी म्हणते, आत्ता वेग शून्य. आणि साठलेली चूक पुसून टाकते."

"आणि होकायंत्र?"

"मुद्दाम नाही घातलं. लोखंडी इमारतीत ते फसतं. त्यामुळे दिशेचं तेवढं सांभाळावं लागतं. दिशा एकदा बिघडली की पाय टेकून ती सुधारत नाही. पण तुझ्या पायावर हे चाललं ना, तर जगात कुणाच्याही पायावर चालेल."

बायकोनं आपल्या दोषाचा असा उपयोग करून घ्यावा, हे भाग्य सगळ्यांच्या नशिबी नसतं. मी बूट दिले. उजव्या टाचेवर पेटी बसली.

चाचणीसाठी जागा शशिधरकाकांनी दिली. काका म्हणजे कार्डिफच्या मराठी मंडळींचे थोरले. सत्तरच्या दशकात इथे आलेले, छातीचे डॉक्टर, आता रिटायर्ड. इथे आल्यावर त्यांना ब्रेकन बीकन्सच्या डोंगररांगेतला एक डोंगर सापडला. त्याचं वेल्श नाव कुणालाच नीट म्हणता येत नसे, म्हणून काका त्याला 'आपला गड' म्हणत. गडाच्या माथ्यावर देव हवा. इथे तो नव्हता, म्हणून काकांनी स्वतःच न्यायला सुरुवात केली. दर वर्षी गणपतीत एका रविवारी पितळेची छोटी मूर्ती रकसॅकमध्ये घालून वर न्यायची, आरती करायची, नैवेद्य दाखवायचा आणि खाली यायचं. वेल्श वॉकर्स थांबून बघत, टोप्या काढत, आणि प्रसाद घेऊन जात.

त्या वर्षी निघालो आम्ही चौघंच. काका, वीणाकाकू, वरदा आणि मी.

काका नेहमी पुढे चालायचे. वय अडुसष्ट, पण चाल अशी की मी धापा टाकायचो. काकू नेहमी मागे राहायच्या. गुडघ्यांमुळे त्या माथ्यापर्यंत कधी जातच नसत. शेवटच्या चढाच्या अलीकडे धारेच्या आडोशाला एक सपाट खडक होता, तिथे त्या बसत. डाव्या हाताला, वाटेपासून थोड्याच पावलांवर, डोंगर एकदम तुटलेला. उजव्या हाताला हा खडक. वारा कमी, ऊन बरं.

"जाऊन या तुम्ही," काकूंनी नेहमीप्रमाणे शाल गुंडाळून घेतली. "आणि सगळ्या बॅगा इथेच ठेवा. मी बसलेच आहे."

आपल्याकडच्या प्रत्येक सहलीत असं एक माणूस असतंच. ते बसतं आणि सामान सांभाळतं. देवाची रकसॅक सोडून आम्ही बॅगा ठेवल्या. त्यात नकाशा होता, काकांचं होकायंत्र होतं, आणि वरदानं पडताळणीसाठी आणलेलं उपग्रहाचं यंत्रही होतं. ते तिनं चालू करून काकूंच्या मांडीवरच दिलं. "काकू, हे असू दे. आणि तुम्ही इथून हलू नका हं. मी इथे खूण केलीये." तिनं आपल्या हातातल्या, पेटीची रेघ दाखवणाऱ्या स्क्रीनवर बटण दाबलं. आमच्या रेघेच्या टोकाला एक लाल टिंब उमटलं. त्या काकू.

"तुमचं काही खाणं झालंय का?" मी विचारलं. त्यांना डायबेटिस होता, सकाळी इन्शुलिन घेतात हे मला माहीत होतं.

"टोस्ट खाल्लाय रे अर्धा. नैवेद्य झाला की मोदक खाईन."

"मग डबा इथेच ठेवतो ना."

"वेडा की काय! नैवेद्याचा डबा देवाबरोबर जायला नको? आणि दाखवायच्या आधी मी हात लावीन होय?"

काका तोवर पन्नास पावलं पुढे गेले होते. "अरे, येताय ना?" त्यांनी वरूनच हाक मारली.

म्हणजे दोन डॉक्टर आणि एक इंजिनिअर मिळून आम्ही काय केलं, तर वाट दाखवणारं सगळं खाली ठेवलं आणि जिला खाण्याची गरज होती तिचं खाणं वर नेलं. त्या वेळी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

माथ्यावर वारा भन्नाट होता. काकांनी एका दगडावर मूर्ती मांडली. आम्ही बूट काढले, गार दगडावर मोज्यांनी उभे राहिलो. वरदानं डोळे मिटले, टाळ्या सुरू केल्या. मी आपला या पायावरून त्या पायावर. काकांनी निरांजन लावायला काडी ओढली, वारा बघायला मागे वळले आणि माझे बूट देवासमोरच पडलेले त्यांना दिसले.

"अरे, देवापुढे चपला-बूट काय!" असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही बूट उचलले आणि लांब भिरकावून दिले.

आरती झाली, नैवेद्य झाला, दोन वॉकर्सनी मोदक खाल्ले आणि 'लव्हली' म्हणाले. मी बूट घ्यायला गेलो. उजवा बूट दगडात पालथा पडला होता.

"उलटं पादत्राण!" मी हसत तो सुलटा केला. "काका, आज आपल्यात भांडण होणार बघा."

"चल, चल. ढग येतायत," काका म्हणाले.

ढग येत नव्हते, आलेच होते. आम्ही निघालो तेव्हा खालची दरी दिसत होती. पहिल्या वळणाला ती गेली. तरी पायाखाली फरसबंदी वाट होती, काका पुढे होते, आणि आम्ही त्यांच्या पाठीवरच्या लाल जॅकेटकडे बघून उतरत होतो. मग फरशा संपल्या. नुसतं गवत आणि विखुरलेले दगड. धुकं इतकं दाट झालं की काकांचं जॅकेटही फिकट दिसायला लागलं. ते थांबले. मी त्यांना त्या डोंगरावर थांबलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

"वाट इथूनच आहे," ते म्हणाले. पण ते एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे.

"काका, काळजी नका करू. दिस इज एक्झॅक्टली व्हॉट इट्स फॉर," वरदानं स्क्रीन वर धरला. तिच्या डोळ्यांत आनंदच होता, खोटं कशाला सांगू. लाल टिंब होतं, आमचा निळा बाण होता, मधलं अंतर होतं. "चला, पुष्कर पुढे."

मी पुढे झालो. ती मागून सांगत होती, थोडा डावीकडे, आता सरळ. मला एकीकडे बायकोचा अभिमान वाटत होता आणि दुसरीकडे काकूंच्या इन्शुलिनचा हिशेब डोक्यात सुरू झाला होता. वर जायला, आरतीला, उतरायला गेलेला वेळ. आणि पोटात अर्धा टोस्ट.

"ग्लुकोजच्या गोळ्या असतील ना त्यांच्याकडे?" मी मागे न बघता विचारलं.

"पर्समध्ये असतात," काका म्हणाले. थोडं चालून ते पुन्हा बोलले. "पर्स गाडीत आहे."

माझी चाल वाढली.

"आलं," वरदा म्हणाली. "इथेच."

बाण टिंबावर होता. आणि आमच्यासमोर गवत होतं, मेंढ्यांच्या लेंड्या होत्या आणि पांढरं धुकं. खडक नव्हता. काकू नव्हत्या.

"वीणा!" काकांनी हाक मारली. उत्तर नाही. "वीणा! अगं ए!"

"उठून गेल्या असतील?" वरदाचा आवाज बारीक झाला.

"खडक पण उठून गेला का?" मी ओरडलो. "तुझी पेटी चुकलीये!"

"तू ओरडू नकोस. चाचण्यांत एवढी चूक कधीच आलेली नाही."

"चाचण्यांत कुणाची शुगर उतरत नव्हती! वरदा, शी कुड बी अनकॉन्शस बाय नाऊ, कळतंय का तुला?"

"मला कळतंय! तू जरा उभा राहशील का एका जागी?"

फोन काढले. सिग्नल कुणालाच नव्हता. काका आमच्याकडे बघतही नव्हते. ते कान देऊन उभे होते. धुक्यातून कसलातरी आवाज आला. मला मेंढीचा वाटला. काकांचा चेहरा मात्र उजळला.

"तिचाच आवाज आहे," म्हणत ते समोर चालायला लागले.

आणि तेव्हा मला तो बूट आठवला. मघाशी भांडणाचा विनोद केला होता, आणि आता भांडतच होतो. बूट उलटा होता. बूट उलटा कशानं होतो? मी काकांची बाही घट्ट धरली.

"वरदा, आरतीच्या वेळी काकांनी माझे बूट फेकले होते."

"काय?"

"देवासमोर होते म्हणून. लांब फेकले. उजवा दगडावर पालथा पडला होता."

वरदा माझ्याकडे बघत राहिली. तिनं टाळ्या वाजवल्या होत्या डोळे मिटून, तिनं ते बघितलंच नव्हतं, आणि वाऱ्यात काही ऐकूही गेलं नव्हतं. ज्या मुलीला लहानपणापासून उंबऱ्याबाहेर चपला काढायला शिकवलंय, तिला आपल्या पेटीचा बूट मध्येच पायातून निघेल हे सुचू नये! कंपनीतल्या गोऱ्यांनाही सुचलं नव्हतं, पण त्यांना कशाला सुचेल?

"दिशा गेली," ती म्हणाली. "एवढ्या जोरात गरगरली तर पेटीला वळण मोजताच येत नाही. माथ्यावरून निघालो ते चुकीची दिशा धरूनच." मग तिचा आवाज बदलला. "काका, थांबा. सगळे थांबा. पुष्कर, पाय हलवू नकोस."

"तिला शोधायचं सोडून थांबा काय?" काका बाही सोडवू बघत होते. "मी तीस वर्षं चढतोय हा डोंगर. सोड मला!"

"काका, मला दोन मिनिटं द्या. प्लीज. फरशांवरून आपण उतरलो ना, ती चढतानाचीच वाट होती. म्हणजे स्क्रीनवर दोन्ही रेघा एकावर एक हव्यात. त्या नाहीयेत. मी नुसतं टिंबच बघत होते. सांडशीसारख्या फाकल्यात. जेवढ्या फाकल्यात तेवढीच चूक आहे. उतरतानाची रेघ मी तेवढी फिरवते, मग आत्ता आपण खरे कुठे आहोत ते कळेल. पण पुष्कर हलला तर पेटी ते चालणंच समजते, आणि आधीच खूप चूक साठलीये."

मी उभा राहिलो. म्हणजे मला वाटलं, मी उभा आहे. स्क्रीनवरचा बाण थरथरत होता. माझी टाच आपोआप वर-खाली होत होती. काकू कुठेतरी घामानं ओल्या होऊन, जीभ जड होऊन बसल्या असतील, आणि मी, ज्याला त्यावर काय करायचं ते झोपेतही माहीत आहे, त्यानं गवतात खांबासारखं उभं राहायचं! मला रडू येत होतं आणि वरदाच्या थोबाडीत मारावी असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

वरदा खाली बसली. तिनं एका हातानं माझा बूट जमिनीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं स्क्रीनवरची रेघ फिरवू लागली. थोडी फिरवायची, वरचं वळण वळणावर बसतंय का बघायचं, पुन्हा थोडी. धुकं तिच्या केसांवर थेंब थेंब साचत होतं. मी तिच्या हाताखाली पाय सैल सोडला. कधी नव्हे तो माझा पाय खरोखर थांबला.

"बसली," ती पुटपुटली. मग ती पुन्हा वरपासून रेघ तपासू लागली.

"अगं बोल ना!"

"चढताना कडा आपल्या डाव्या हाताला होता. वाट मध्ये, आणि काकूंचा खडक वाटेच्या उजवीकडे. आपण आत्ता वाट ओलांडून या बाजूला आलोय." तिनं मान वर केली. "काका ज्या बाजूला निघाले होते, तिकडे कडा आहे."

काकांनी वाकून एक दगड उचलला आणि समोर, धुक्यात, टाकला. आम्ही तिघं ऐकत राहिलो. पडल्याचा आवाज आला नाही.

काकांनी माझा हात धरला.  "तू सांगशील तसं, वरदा," ते म्हणाले.

मग आम्ही तिघं हात धरून चाललो. वरदानं टिंबाकडे जाणारी नवी दिशा धरली, मी पावलं टाकत होतो. आयुष्यात इतकं सावकाश मी कधीच चाललो नसेन. प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवायचं, क्षणभर तसंच ठेवायचं, मग पुढचं. आतून जीव नुसता धाव धाव म्हणत होता. पायवाट लागली. ती ओलांडली. जमीन जराशी उतरली, वारा पडला, आणि धुक्यात एक गडद आकार दिसला.

काकू खडकावर बसल्या होत्या. ताठ. शाल डोक्यावरून घेतलेली, कपाळ घामानं डबडबलेलं, ओठ पांढरे. शेजारी बॅगा ओळीनं लावलेल्या.

"नैवेद्य दाखवला ना?" त्यांनी विचारलं. जीभ जड होती.

"दाखवला, दाखवला," काकांनी डबा उघडला. घाईत त्यांच्या हातून एक मोदक खाली पडला. दुसरा त्यांनी आपल्या हातानं काकूंना भरवला. तोंडात सारण गेल्यावर काकू लहान मुलासारख्या चावत राहिल्या. मी नाडी धरून बसलो. बॅगेतल्या फ्लास्कमधल्या चहात वरदानं साखरेच्या सगळ्या पुड्या ओतल्या आणि तो घोट घोट पाजला. हळूहळू त्यांच्या गालांवर रंग आला. तेव्हा कुठे मी नाडी सोडली, आणि सरळ रडलो. 

"हा फ्लास्क जवळच होता की तुमच्या," थोड्या वेळानं मी रागावून म्हटलं. "साखर पण होती!"

"होती. पण तुम्ही आता येतच असाल असं वाटत होतं. नंतर तर झाकणच फिरेना हातानं." त्यांनी शाल सारखी केली. "एक गोरं जोडपं आलं होतं. आमच्याबरोबर खाली चला म्हणाले. मी म्हटलं, नको, माझी माणसं येतायत, ती मला इथेच शोधतील. मग तुमच्या हाका ऐकू आल्या. पण तिकडून, कड्याच्या अंगानं, आणि ओ द्यायला माझा आवाजच निघेना. मी उठलेच होते जायला. मग आठवलं, वरदा म्हणाली होती, हलू नका. बसले परत."

वरदानं तोंड फिरवलं.

काकूंच्या मांडीवर उपग्रहाचं यंत्र अजून चालू होतं. छोट्या पडद्यावर आकडे दिसत होते, आमचा खडक अगदी अचूक सांगणारे. काकूंनी ते उचलून काकांच्या हातात दिलं.

"हे मघापासून मला सांगतंय, मी कुठे आहे," त्या म्हणाल्या. "ते मला माहीत होतं हो. मी दर वर्षी इथेच असते. तुम्ही कुठे आहात, हे मला कोण सांगणार?"

  शशिधरकाकांनी यंत्र माझ्याकडे दिलं, गुडघे टेकून खाली बसले आणि काकूंच्या बुटांच्या सुटलेल्या नाड्या बांधायला लागले. बोटं गारठली होती, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. काकूंनी पाय मागे घेतला नाही.

मग नकाशा आणि होकायंत्र काढून आम्ही खाली निघालो. काकांनी दोन बॅगा पाठीला लावल्या आणि वाटेत उभे राहिले.

"अहो, चला ना पुढे," काकू म्हणाल्या.

"तू हो पुढे," काका म्हणाले. "तुझ्या चालीनं जाऊ."